आखेनमध्ये पास, बेळगावात अडकली: परदेशातल्या एका सेमिस्टरचं प्रकरण

खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला एक गाव आहे, तिथली ही मुलगी. वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे, आई घरची भातशेती बघते. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून आणि मग बेळगावातल्या एका स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकल. सातवं सेमिस्टर तिनं २०२४-२५ च्या हिवाळ्यात जर्मनीत आखेनला केलं. तिथं घेतलेल्या सगळ्या विषयांत ती पास झाली. तरीही परत आल्यावर तिच्या सातव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत एका विषयापुढची जागा रिकामी होती, आणि तो विषय ‘बाकी’ म्हणून धरला गेला. जो विषय ती तिथं सगळ्यांत जीव लावून शिकली, नेमका तोच.

मी तिच्या कॉलेजात नाही. बेळगावातच दुसरीकडं शिकवते आणि सीमाभागातली मुलं परदेशी जायचं म्हणू लागली की त्यांच्या कागदपत्रांत लक्ष घालते. तिच्या परवानगीनं, नाव बाजूला ठेवून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. परदेशातल्या सेमिस्टरबद्दल आपल्याकडं बोललं जातं ते थंडी, जेवण, खर्च आणि फोटो यांबद्दल. मुलांचं नुकसान मात्र होतं ते बहुतेक वेळा एका न झालेल्या सहीपायी, आणि ती सही तिकडची नसते, इकडची असते.

जायच्या आधीचे महिने

दोन संस्थांमधल्या करारातून मुलगी जाते तेव्हा तिकडची फी लागत नाही. आखेन ज्या राज्यात आहे तिथल्या सरकारी विद्यापीठांत तशीही शिकवणीची फी नाही. भरायचं ते सेमिस्टरचं अंशदान, साधारण तीनशे युरो, आणि त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. हे ऐकून घरचे खूश झाले. मग व्हिसाची यादी आली.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो झाली, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२. त्या वेळच्या दरानं साडेपाच लाख रुपयांच्या घरात. हे पैसे खर्च होऊन जात नाहीत, दर महिन्याला तिच्याच हातात परत येतात. पण एकरकमी उभे करायचे ते मोल्डरच्या पगारातून कसे? बँकेत शैक्षणिक कर्जाला गेले तर तिथं पूर्ण पदवीच्या प्रवेशाचं पत्र मागितलं, सहा महिन्यांच्या देवाणघेवाणीचं पत्र त्यांच्या फॉर्ममध्ये बसेना. शिष्यवृत्त्या शोधल्या. परदेशी शिक्षणाच्या योजना दोन्ही राज्यांत आहेत, पण तिच्या उपयोगाची एकही निघाली नाही. महाराष्ट्र सरकार ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी मुलांना प्रवेशात आणि नोकरीत सवलत देतं, त्याचा इथं काही संबंध येत नव्हता. शेवटी गावच्या पतसंस्थेचं कर्ज आणि आईच्या पाटल्या तारण, असा मेळ बसला. पाटल्या काढून देताना आई एवढंच म्हणाली, “सोडवून आणायच्या हायत बघ, ध्यानात ठेव.”

दुसरी अडचण नावाची. सीमाभागातल्या प्रत्येक घरानं ही लक्षात ठेवावी. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर कर्नाटकातल्या पद्धतीनं तिचं नाव आणि पुढं वडिलांच्या नावाचं व आडनावाचं एकेक आद्याक्षर. पासपोर्टवर मराठी पद्धतीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. आधारवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नडवरून केलेलं, त्यात एक अक्षर जास्त. कॉलेजनं अर्ज भरला तो गुणपत्रिका समोर ठेवून, म्हणून आखेनहून प्रवेशपत्र आलं तेही आद्याक्षरांचं. गोठवलेलं खातं मात्र पासपोर्टवरच्या नावानं उघडलं होतं. व्हिसाच्या खिडकीवर असे दोन कागद शेजारी ठेवले तर ती दोन माणसं ठरतात. प्रवेशपत्र बदलून घेतलं, तिकडून दोन दिवसांत नवं आलं. आधारची दुरुस्ती त्याच्यापेक्षा कितीतरी उशिरा झाली.

व्हिसाला बंगळूरला जावं लागलं. बेळगावहून पुणं जवळ, पण राहायला कर्नाटकात, म्हणून अर्ज बंगळूरच्या वकिलातीकडं. वडिलांनी एका दिवसाची रजा टाकली, रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं दोघं गेली, काम करून पुढच्या रात्री परतीच्या गाडीत बसली. व्हिसा वेळेत मिळाला.

एवढं सगळं चाललेलं असताना खरा महत्त्वाचा कागद शांतपणे पार पडला. त्याला लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. मुलगी तिकडं कोणते विषय घेणार आणि त्यांतला प्रत्येक विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाणार, याचा तक्ता. खाली तीन सह्या: मुलीची, इथल्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. तिनं पाच-पाच युरोपियन क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं वजन मोजायचं माप) सहा कोर्स लिहिले होते. त्यांतले पाच इथल्या चार-चार क्रेडिटच्या पाच विषयांच्या जागी, सहावा जर्मन भाषेचा, जादा. तिन्ही सह्या झाल्या आणि सगळे तिकिटाच्या मागं लागले.

आखेन

आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला. शहरातून बसनं निघालं की थोड्या वेळात नेदरलँड्समधलं वाल्स, दुसऱ्या बाजूला बेल्जियम. तिन्ही देश जिथं भेटतात ती टेकडी ३२२ मीटर उंचीची, तिथं लोक रविवारी फिरायला जातात. वाल्समध्ये खोल्या मिळतात म्हणून आखेनची बरीच पोरं तिकडं राहतात, पण जर्मनीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना तिथं भेट देता येते, बिऱ्हाड करता येत नाही. तिला नशिबानं विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली.

पहिल्या पंधरवड्यात नगरपालिकेत पत्त्याची नोंद, आरोग्य विमा, बँक. विम्याचे तेव्हा महिन्याला सव्वाशे युरोच्या आसपास जात, ते हिशेबात आधीच धरावेत. इथं एक बारीक गोष्ट घडली. वसतिगृहाच्या पत्रपेटीवर तिनं आपलं पहिलं नाव चिकटवलं होतं, आपण दारावर लावतो तसं. विमा कंपनीचं पत्र आडनावावर आलं. त्या आडनावाची पेटीच नाही म्हणून पोस्टमन ते परत घेऊन गेला. विम्याचा कागद नाही म्हणून विद्यापीठातली नोंदणी अडली. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं पेटीकडं बोट दाखवलं तेव्हा उलगडा झाला. पासपोर्टवरचं आडनाव जाड अक्षरांत लिहून लावलं आणि त्या आठवड्यात तीन पत्रं एकदम आली.

अभ्यासाची रीत तिला पहिल्यांदा सैल वाटली. हजेरी नाही, इंटर्नल नाहीत. इकडं ८५ टक्के हजेरीची धास्ती आणि निम्मे गुण वर्षभराच्या चाचण्यांतून, तिकडं बहुतेक विषयांचा निकाल शेवटच्या एकाच परीक्षेवर. त्या परीक्षेला आपण स्वतः संगणकावर ठरलेल्या तारखेआत नाव नोंदवायचं. कुणी आठवण करत नाही. नाव नोंदवलं नाही तर वर्गात पहिल्या बाकावर बसून काढलेलं अख्खं सेमिस्टर वाया. तिनं ही तारीख कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवली होती, त्यामुळं निभावलं. तिच्याबरोबर दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका मुलाचा एक पेपर असाच गेला.

आणि आता तो विषय. तक्त्यातला पाचवा कोर्स यंत्रांच्या गतिशास्त्राचा होता. पहिल्याच तासाला कळलं की या वेळी तो फक्त जर्मनमध्ये आहे. पदवीच्या पातळीवर इंग्रजीतले कोर्स तिकडं मोजकेच असतात आणि यादी दर सेमिस्टरला बदलते, म्हणून असा बदल कुणालाही करावा लागू शकतो. तिनं त्याच्या जागी ओतकामाचा कोर्स घेतला: वितळलेला धातू साच्यात कसा थिजतो, दोष कुठून येतात, ते संगणकावर आधी कसं ताडायचं. इथल्या कॉलेजच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत कास्टिंग होतंच, त्यामुळं जुळणी सरळ होती.

या कोर्सची प्रयोगशाळा ती मला फोनवर सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. वाळूचा नमुना तोलून नळीत घालायचा, वरून वजन तीनदा आपटायचं, तयार झालेली वाळूची गोटी यंत्रात ठेवून ती किती दाबाला फुटते ते बघायचं. मग ओल मोजायची. तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. वडील शिफ्ट संपवून आले होते, कानाच्या पाळीला अजून काळी वाळू. त्यांनी पहिलं विचारलं, “ओल किती धरत्यात?” ती म्हणाली, तीन ते चार टक्के. त्यांनी मान हलवली. उद्यमबागेत ते मूठभर वाळू घट्ट आवळतात, मूठ उघडून तिची वडी दोन बोटांनी मोडतात आणि कशी मोडली त्यावरून ओल सांगतात. ओल जास्त झाली की वाफ होऊन कास्टिंगला भोकं पडतात, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक आहे. मुलीला ते आता आकड्यांत आणि आलेखात दिसत होतं. पुढचा अर्धा तास बापलेक बेंटोनाइटवर, म्हणजे वाळू बांधून धरणाऱ्या मातीवर, बोलत होते आणि आई मागून विचारत होती, “आगं, जेवलीस काय न्हाई तू?”

माझ्या मते परदेशातल्या सेमिस्टरचं सार्थक हेच. तिला बापाचं काम नव्यानं कळलं आणि बापाला तिचं शिक्षण.

ऑयपेन

प्रयोगशाळेत तिचा जोडीदार मुलगा रोज सीमा ओलांडून ऑयपेनहून यायचा. ऑयपेन बेल्जियममध्ये आहे, पण लोक जर्मन बोलतात. हा भाग १९२० मध्ये व्हर्सायच्या तहानं जर्मनीकडून बेल्जियमकडं गेला, १९४० ते ४५ पुन्हा जर्मनीत ओढला गेला, परत बेल्जियममध्ये आला. आपल्याकडचं कुणीही हे ऐकलं की कान टवकारतं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे आमच्या घराघरातलं बोलणं आहे.

१ नोव्हेंबर जवळ येत होता. बेळगावात त्या दिवशी एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन. ही तारीख कोरी गेलेली तिनं लहानपणापासून पाहिली नव्हती. २०२४ ला त्याच वेळी दिवाळी होती, आणि आखेनमध्ये सर्व संतांच्या सणाची सुट्टी, सगळी दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती बसनं ऑयपेनला गेली.

तिनं त्या जोडीदाराला एकच प्रश्न विचारला, आणि असा प्रश्न सीमाभागातल्या पोरीलाच सुचू शकतो: “तुझी शाळेची गुणपत्रिका कुठल्या भाषेत आली?” तो म्हणाला, जर्मनमध्ये. शाळा जर्मनमध्ये, फ्रेंच लहानपणापासून पहिली परभाषा म्हणून. नऊ नगरपालिकांच्या या छोट्या भाषिक समाजाला स्वतःची २५ सदस्यांची संसद आहे आणि शिक्षणाचा कारभार १९८९ पासून त्यांच्या हातात आहे. हे एका दिवसात मिळालं नाही. १९२० ला देश बदलला आणि पहिली सांस्कृतिक परिषद आली १९७३ मध्ये. तरी आज तिथल्या माणसाला आपल्या भाषेतला कागद मागताना बाजू घ्यावी लागत नाही.

तिकडचा तोडगा इकडं उचलून लावता येईल असं मी म्हणणार नाही, दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे. पण तिनं मला त्या रात्री लांबलचक निरोप पाठवला. त्यात एक वाक्य होतं: “मॅडम, तिथं कुणी मला विचारलं नाही की हे गाव कुणाचं. दुकानात जर्मन बोलले, बसमध्ये ड्रायव्हर फ्रेंच बोलला आणि सगळ्यांचं काम झालं.” आमच्या गणपत गल्लीतही असंच चालतं, मराठी-कन्नड-हिंदी-उर्दू एका दमात. ते कचेरीच्या दारापर्यंत चालतं, आत जाताना थांबतं. हा फरक तिला तिथं दिसला आणि मला तो खरा वाटतो.

सही

आता नुकसानीचं. विषय बदलला की लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये दुरुस्ती करायची असते आणि तिच्यावर पुन्हा तीन सह्या लागतात. तिनं ऑक्टोबरच्या शेवटी ती भरली. आखेनची सही त्याच आठवड्यात आली. बेळगावात दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. सुट्ट्यांनंतर हे काम बघणारे सर बदलले. नवे म्हणाले, आधीच्यांना विचारा. आधीचे म्हणाले, आता माझ्याकडं नाही. मुलगी ईमेल पाठवत राहिली, वडील एकदा रजा काढून स्वतः कॉलेजात जाऊन आले. फोरमनला विचारून, कामाचे कपडे बदलून गेलेला तो माणूस दुपारभर बाकावर बसून परत आला. सही झाली नाही. कुणी नाही म्हणालं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की होईल.

मार्चमध्ये परीक्षा देऊन ती परतली. इथलं आठवं सेमिस्टर फेब्रुवारीतच सुरू झालं होतं, पण त्यात प्रकल्पच असल्यानं तेवढं सांभाळून घेतलं गेलं. निकालपत्र आलं तेव्हा पहिला गोंधळ ग्रेडचा. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. ओतकामात तिला १.७ होते. टेबलापलीकडच्या कारकुनाला ते दहापैकी १.७ वाटले. आपले गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलायला सर्रास वापरलं जाणारं सूत्र आहे. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास होण्याचे किमान गुण यांच्यातल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. आपल्याकडं कमाल १० आणि पास ४ धरून ते उलट लावलं तर १.७ म्हणजे ८.६. हे पटवता आलं.

क्रेडिटचं पटवता आलं नाही. कचेरीचं म्हणणं असं: युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट, आपल्याकडं २०. म्हणजे दीडास एक. त्या हिशेबानं पाच युरोपियन क्रेडिटचे झाले ३.३३ आणि विषय आहे ४ चा. कमी पडतात, सबब विषय धरता येत नाही.

बाकीचे चार विषयही पाच-पाचचेच होते. ते धरले, कारण तक्त्यावर आधीच सही होती. त्यांना हा भागाकार कुणी लावला नाही. पाचव्याला लावला, कारण त्याच्यावर सही नव्हती.

शिवाय भागाकारही मला मान्य नाही. युरोपियन क्रेडिट मोजतात विद्यार्थ्याच्या एकूण कामाच्या तासांवर: वर्ग, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, सगळं धरून एका क्रेडिटला २५ ते ३० तास. पाच क्रेडिट म्हणजे १२५ ते १५० तास. २०२३ मध्ये आलेल्या आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. आता तासांना तासांनी भागा. १२५ भागिले ३० म्हणजे ४.१७, १५० भागिले ३० म्हणजे ५. कसंही मोजलं तरी चारच्या वरच. सेमिस्टरची बेरीज बेरजेशी जुळवण्यात त्या मुलीनं आखेनच्या वाळूत घातलेले तास कुठंतरी गळून पडले. मी हे एका पानावर मांडून तिच्या अर्जाला जोडलं.

अर्ज फिरत राहिला आणि मधल्या काळात व्हायचं ते झालं. कॅम्पसला एक कंपनी आली. तिच्या अर्जात ‘सध्या बाकी विषय’ या रकान्यात एक आकडा होता, म्हणून संगणकानं तिला पहिल्याच चाळणीत बाहेर काढलं. मुलाखतीला बसली असती तर कदाचित आखेनबद्दलच विचारलं असतं. उन्हाळ्यात तिनं तो पेपर पुरवणी परीक्षेत लिहिला. कास्टिंगचाच. चांगल्या गुणांनी पास झाली. जे शिकून आली होती तेच पुन्हा लिहून दाखवायला तिला फी भरावी लागली.

पतसंस्थेचं कर्ज जवळजवळ फिटलं, कारण गोठवलेल्या खात्यातले पैसे तिनं जपून वापरले, शिवाय सुट्टीच्या दिवसांत एका कँटीनमध्ये काम केलं. तिकडं परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे. पाटल्या परत आल्या. ती आता उद्यमबागेतच एका कास्टिंग कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, वडिलांच्या कारखान्यात नाही.

तिचा अर्ज अभ्यास मंडळापुढं ठेवायचं कॉलेजनं कबूल केलं आहे. तिच्या गुणपत्रिकेवर आता त्याचा परिणाम होणार नाही, तरी मी तो मागं घेऊ दिलेला नाही. त्याच कॉलेजातून पुढच्या ऑक्टोबरला निप्पाणीकडचा एक मुलगा आखेनला निघाला आहे. त्याच्या तक्त्यात सहा कोर्सखाली आणखी तीन पर्यायी कोर्स लिहून घेतले आहेत, प्रत्येकासमोर इथला विषय आणि चार क्रेडिटचा आकडा, आणि त्या पानावरही तिन्ही सह्या आताच झाल्या आहेत. बदलाच्या कागदावर सही कोण करणार आणि तो माणूस नसेल तर कोण, ही दोन नावं कॉलेजकडून लेखी घेतली आहेत. हे सगळं तिनं स्वतः त्याच्या आईवडिलांना बसवून सांगितलं, आणि पत्रपेटीवर आडनाव लावायचं तेही.